सतराव्या थांब्यावरची चार मिनिटं

डेपोत त्याला सगळे ‘घड्याळ’ म्हणायचे. बावीस वर्षं बस चालवली, पण याची फेरी कधी दोन मिनिटं उशिरा पोचली असं झालं नाही. रस्ता खोदलेला असो, सिग्नल बंद पडलेला असो, हा गडी शेवटच्या थांब्यावर वेळेत हजर. नवीन ड्रायव्हर आले की डेपोचे साहेब म्हणायचे, “घड्याळाकडे बघून शिका जरा.” आता इतकं कौतुक झालं की कुणाचंही डोकं थोडं वर जातंच, याचंही गेलं. म्हणून मग पोटाने दगा दिला तेव्हा हा कुणाजवळ चकार शब्द बोलला नाही. बोलायला हवं होतं. पण शहाणपण उशिरा सुचतं म्हणतात, याला तर फारच उशिरा सुचलं.

आजार मोठ्या आतड्याचा. आतून सूज येते, व्रण होतात, रक्त पडतं आणि संडासची घाई लागते. घाई म्हणजे तुमची-आमची घाई नव्हे हो! आपण म्हणतो, थांब जरा, जाऊ पाच मिनिटांनी. इथे पाच मिनिटं मिळत नाहीत. शंभर आकडे मोजायच्या आत दार गाठायचं, नाहीतर अब्रूचं खोबरं. चार वर्षांपूर्वी निदान झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, “हा जाणारा आजार नाही. तो झोपतो आणि उठतो. झोपलेला असला तरी रोजच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. उठला की त्याच दिवशी माझ्याकडे यायचं.” याने मुंडी हलवली. आठ महिने गोळ्या इमानाने घेतल्या, ठणठणीत बरा झाला, आणि मग जे सगळेच करतात तेच याने केलं. बरं वाटतंय तर कशाला उगाच पोटात औषध ढकलायचं, म्हणून डबी कपाटाच्या वरच्या खणात गेली.

व्हायचं तेच झालं. आजार उठला.

डॉक्टरीणबाईंकडे जायला याला काय धाड भरली होती? सांगतो. डॉक्टर पत्र देणार, पत्र डेपोत जाणार, डेपो मेडिकल बोर्डाकडे पाठवणार, आणि बोर्ड स्टिअरिंग काढून घेणार, असं याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एका जुन्या ड्रायव्हरचं हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा त्याला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं होतं. सहा वर्षं तो माणूस छत्र्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसला. ती खिडकी टाळायला घड्याळ रोज डेपोला उलटा वळसा घालून जायचा. “मेलो तरी चालेल, पण छत्र्या मोजणार नाही,” असं तो मनाशी म्हणायचा. बस चालवणं सोडून या माणसाला दुसरं काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं, हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं.

मग सुरू झाले घरचे उपाय. मागच्या आजारपणातल्या सूज उतरवायच्या जालीम गोळ्यांची दीड पट्टी उरली होती, ती संपली की जुनी चिठ्ठी दाखवून हा आणखी आणायचा. त्रास वाढला की हा त्यातल्या चार दिवस खायचा, रक्त थांबलं की बंद. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. ड्यूटीच्या दिवशी सकाळपासून पोटात काही घालायचं नाही, नुसतं कोमट पाणी. आत गेलंच नाही तर बाहेर काय येईल, हे त्याचं तर्कशास्त्र. शिवाय पाठ. ड्रायव्हरची पाठ दुखतेच, आणि डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या शर्टाच्या खिशात पाठदुखीच्या गोळ्यांची पट्टी असतेच. चहाच्या टपरीवर ती पट्टी या हातातून त्या हातात फिरायची. घड्याळही दिवसाला दोन घ्यायचा. त्याच गोळ्या आतड्याला आतून डिवचतात, हे त्याला कोण सांगणार? सांगणाऱ्या बाईंकडे तर हा जात नव्हता.

घरी बायकोला पत्ता नव्हता. “गेलं ते दुखणं,” असं त्याने सांगून टाकलं होतं. आपल्या पँटी तो आता स्वतः धुवायचा, तेही सगळ्यात आधी उठून. बावीस वर्षांत कपबशी न विसळलेला माणूस पँट धुतोय हे पाहून तिला वाटलं, चला, उशिरा का होईना, अक्कल आली. शेजारणीला तिने कौतुकाने सांगितलंसुद्धा.

आता त्याचा मार्ग ऐका. एकतीस थांबे, पाऊण तास. प्रवाशांना त्या रस्त्यावर शाळा दिसायची, बँक दिसायची, बाग दिसायची. याला फक्त संडास दिसायचे. सहाव्या थांब्यावर पेट्रोल पंप, किल्ली खिडकीत मागायची. अकराव्याला सार्वजनिक होतं, पण कडी मोडकी. सतराव्यानंतर नदीवरचा पूल आणि पुढे कारखान्याची लांबच लांब भिंत, तब्बल अकरा मिनिटं कुठे काही नाही. त्या अकरा मिनिटांत तो जीव मुठीत धरून बसायचा. पाय ब्रेकवर, मन आतड्यात. मागे चाळीस माणसं खिडकीतून पाणी बघत असायची आणि पुढे हा घामाने निथळत एकेक दिव्याचा खांब मोजत असायचा.

म्हणून सतरावा थांबा म्हणजे त्याचा देवच. तिथे चष्म्याचं दुकान होतं. एकदा असाच जिवाच्या आकांताने बसमधून उडी मारून तो पहिलं उघडं दार दिसलं त्यात घुसला होता. गल्ल्यावर साठीच्या बाई, गळ्यात साखळीला चष्मा. त्यांनी याच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक अक्षर न विचारता बोटाने मागचा पडदा दाखवला. तेव्हापासून रोज, कधी जाताना, कधी येताना, चार मिनिटं. बाईंनी नंतर तिथे स्वच्छ टॉवेल टांगला, दिवा चालू ठेवायला लागल्या. का, कशाला, कधी विचारलं नाही. अशीही माणसं असतात.

ती चार मिनिटं तो उरलेल्या रस्त्यात भरून काढायचा, पण चाळीस माणसांची बस मध्येच उभी राहते त्याचं काय? कंडक्टर होती एक चुणचुणीत पोरगी. तिच्या सगळं ध्यानात आलेलं, पण तिने तोंडातून शब्द काढला नाही. ती मोठ्याने सांगायची, “मागच्या चाकाची हवा बघतोय हो, बसा!” महिनाभराने प्रवासी म्हणायला लागले, हे चाक बदलत का नाहीत एकदाचं? बरं, ड्रायव्हर चाकाकडे न जाता दुकानात जातो हेही लोकांना दिसत होतंच. मग चष्मेवाल्या बाईंनी डोकं लढवलं. हा बाहेर यायला निघाला की त्या एखादी फ्रेम त्याच्या नाकावर चढवायच्या, आरसा पुढे धरायच्या आणि पुटपुटायच्या, “बघताहेत लोक. जरा मान हलव.” हा मान हलवायचा, फ्रेम परत द्यायचा आणि पळत येऊन स्टिअरिंगवर बसायचा. दोघांना वाटायचं, काय नामी युक्ती!

करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या बसने रोज एक निवृत्त हेडमास्तर जायचे. त्यांनी दोन महिने खिडकीतून हे नाटक पाहिलं आणि सरळ डेपोला पत्र लिहिलं. ‘सदर चालकाची दृष्टी अधू झालेली असून तो रोज वेगवेगळे चष्मे लावून पाहतो, एकही लागू पडत नाही, आणि तरीही तो बस चालवतो. चाळीस जिवांचा प्रश्न आहे.’

साहेबांनी घड्याळाला केबिनमध्ये बोलावून पत्र वाचून दाखवलं. याचं तोंड उघडंच राहिलं.

“साहेब, माझे डोळे एकदम चांगले आहेत.”

“मग चष्म्याच्या दुकानात रोज काय झक मारतोस?”

आता इथे खरं सांगायचं होतं. बाबा, असं-असं आहे, पोट बिघडलंय. एका वाक्याचं काम. पण याच्या डोळ्यापुढे ती खिडकी आणि त्या छत्र्या. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “बघून घ्या डोळे. कुठेही तपासा.”

“बघूच,” साहेब म्हणाले. “उद्या सकाळी मीच घेऊन जातो.”

म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! दुखतंय पोट आणि तपासायला निघाले डोळे. रात्रभर हा या कुशीवरून त्या कुशीवर. बायको म्हणाली, “अहो, डोळ्यांची साधी तपासणी, त्यात एवढं घाबरायचं काय?” याने चादर डोक्यावरून ओढली. सकाळी चार वेळा जाऊन आला, चारही वेळा रक्त होतं. उरलेल्या जालीम गोळ्यांतल्या शेवटच्या दोन गिळल्या, वर पाठीची एक टाकली आणि उपाशीपोटी निघाला.

कुठल्याही नव्या इमारतीत शिरलं की आधी संडास कुठे ते बघून ठेवायचं, हा त्याचा दोन वर्षांचा नेम. पण आज डोळ्यांच्या इस्पितळात साहेब सावलीसारखे चिकटलेले. बाजूच्या दाराने नेलं ते थेट तपासणीच्या खोलीत. तिथे याने फळ्यावरची शेवटची ओळ वाचली, वर कोपऱ्यात बारीक छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. डोळ्यांचे डॉक्टर हसले. साहेबांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. “तरी आतला पडदा बघायलाच हवा,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले. बाहेर बाकावर बसवलं. अर्धा तास डोळे मिटून ठेवायचे, उघडले तरी धुरकट दिसेल, उजेड टोचेल, असं नर्स सांगून गेली.

दहा मिनिटं झाली आणि पोटात पहिली कळ आली.

त्याने बाकाची कड घट्ट धरली. आकडे मोजायला लागला. दुसरी कळ आली. डोळे उघडून पाहिलं तर समोर नुसता पांढरा झगझगाट, त्यात हलणारी माणसं आणि दारं, पण कुठल्या दारावर काय लिहिलंय काही कळेना. बावीस वर्षं ज्या नजरेवर पोट भरलं ती नजर नेमकी त्याच घटकेला गेलेली.

“साहेब.”

“हं.”

“संडास कुठे आहे?”

“असेल इथेच कुठेतरी. डोळे मीट, वीस मिनिटं राहिलीत.”

“साहेब, माझ्याकडे वीस मिनिटं नाहीत.” आणि मग त्याच्या नकळत त्याचा आवाज चढला. “मला आत्ता जायचंय. आत्ता! मला दिसत नाहीये. हात धरा माझा!”

साहेबांनी काही न विचारता त्याचा दंड धरला आणि दोघं पळत सुटले. पहिलं दार उघडलं तर आत झाडू आणि बादल्या. पुढच्याला कुलूप. वळणावर तिसरं सापडलं. घड्याळ पोचला, पण पुरता नाही. अर्ध्या वाटेतच घात झाला होता.

आत कडी लावून तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. पँट गेली होती, मोजे गेले होते, दिसत काही नव्हतं, आणि बाहेर साहेब उभे होते. मरण परवडलं, असं वाटण्याची ती वेळ.

“काय होतंय रे तुला?” दाराबाहेरून साहेबांचा आवाज आला.

समोर माणूस असता तर तो आताही खोटं बोलला असता. पण समोर होतं दार, आणि तेही धड दिसत नव्हतं. त्या दाराला त्याने सगळं सांगितलं. आतड्याचं, रक्ताचं, सोडलेल्या गोळ्यांचं, उपाशी चालवलेल्या फेऱ्यांचं, चष्मेवाल्या बाईंचं, पुलावरच्या अकरा मिनिटांचं. सांगताना रडला की नाही हे त्याला आठवत नाही.

“पँट किती नंबरची लागते तुला?” साहेबांनी विचारलं.

वॉर्डातला एक निळा पायजमा आणून साहेबांनी दाराच्या फटीतून आत दिला. पण जीपमध्ये बसल्यावर मात्र त्यांचा पारा चढला. “दोन वर्षं? अरे, अंगातलं रक्त जातंय, पोटात अन्नाचा कण नाही, आणि तू बस चालवतोस? पुलावर डोळ्यापुढे अंधारी आली असती म्हणजे? हेडमास्तरांचं चुकलं कुठे सांग. डोळे सोडून बाकी सगळं बरोबर लिहिलंय त्यांनी!” घड्याळ निळ्या पायजम्यात खाली मान घालून बसला होता. चाळीस माणसांचा विचार त्याने खरोखर केला नव्हता. केला होता तो फक्त स्वतःच्या खुर्चीचा.

“आजपासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही,” साहेब म्हणाले.

“म्हणजे छत्र्या?”

“म्हणजे आधी डॉक्टर. मग छत्र्या. मग बघू.”

घरी बायकोने पायजम्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि ऐकता ऐकता खाली बसली. “पँटी त्यासाठी धुवत होतात?” एवढंच म्हणाली. मग दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण डॉक्टरीणबाईंकडे जाताना पुढे तीच होती.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघून कपाळाला हात लावला. अंगात रक्त निम्म्यावर आलेलं. दुर्बिणीने आतडं तपासलं, सूज पार वरपर्यंत चढलेली. “जालीम गोळ्या अशा मनाला येतील तेव्हा सुरू आणि बंद? चौथ्या गिअरमधून थेट पहिल्यात टाकता का हो बस? या गोळ्या टप्प्याटप्प्याने उतरवायच्या असतात, नाहीतर अंगच बंद पडेल. आणि पाठीच्या त्या पट्ट्या उकिरड्यावर टाका, पाठीसाठी मी वेगळं देते.” मग लिहून दिलं: रोजच्या गोळ्या कायम. रात्री खालून घालायचं औषध, ज्याबद्दल बायकोला सांगताना त्याने भिंतीकडे तोंड केलं. थोडं थोडं पण वेळेवर खाणं. आणि एक वही. दिवसात किती वेळा, रक्त आहे का, कळ किती. “तीन वेळा रक्तासकट झालं की त्याच दिवशी फोन. चौथ्याची वाट बघायची नाही.”

नऊ आठवडे तो हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसला. मेला नाही. पण जिवाला चैनही नव्हतं. खिडकीसमोरून त्याची बस जायची आणि टेबलाखाली याचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. दुसरा ड्रायव्हर वळण जरा मोठं घ्यायचा, ते पाहून हा खिडकीतच चरफडायचा. वहीत आकडे उतरत गेले. सात, पाच, चार, दोन. रक्ताच्या रकान्यात आधी ‘हो’, मग ‘थोडं’, मग नुसती रेघ.

बोर्डात तिघे डॉक्टर होते. मधल्याने विचारलं, “हा त्रास पुन्हा होणार नाही ना?”

इथे ‘नाही’ म्हणायचं असतं. घड्याळाच्या जिभेवर तो शब्द आलाही होता.

“होईल,” तो म्हणाला. “कधी ते सांगता येत नाही. पण होईल.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी परवानगी दिली, पण अटीवर. त्रास सुरू झाला की बस सोडायची, आणि सुटलेल्या ड्यूटीची नोंद होणार. वर्षात तीन नोंदी झाल्या की फाईल पुन्हा बोर्डापुढे, आणि तेव्हा कायमचा निर्णय.

पहिली नोंद चौथ्या महिन्यात झाली. दुसरी बाराव्या महिन्यात होऊ घातली.

सकाळची फेरी. बस भरलेली, इंजिन चालू, कंडक्टरने घंटी दिलेली. आणि कळ आली. सकाळपासून दोनदा जाऊन आला होता, दोन्ही वेळा रक्त होतं, आणि बसवर चढायच्या आधी त्याने स्वतःला बजावलं होतं की ते मोजायचं नाही. आता तिसऱ्यांदा. वर्ष संपायला जेमतेम तीन आठवडे उरले होते. ते निभावले तर पाटी कोरी. गिअरच्या दांड्यावर हात होता. चाळीस माणसं मागे होती. कुणीतरी ओरडलं, “चला हो, उशीर होतोय!” कंडक्टर आरशात त्याच्याकडे बघत होती. निघालं तरी कुणाला कळणार नव्हतं. रस्ता त्याला तोंडपाठ होता, थांबण्याच्या जागाही तोंडपाठ होत्या.

त्याने इंजिन बंद केलं. उतरला. आधी जिथे जायचं तिथे गेला, मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाला, “आज दुसरा ड्रायव्हर द्या.” साहेबांनी नोंदवही पुढे ओढली, थोडा वेळ पेन हातात धरून बसले, आणि लिहिलं. दोन.

बस तेरा मिनिटं उशिरा सुटली. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत तो बघत उभा राहिला. मग पासाच्या खिडकीजवळच्या बाकावर बसून त्याने घरी फोन लावला.

“अगं, सुरू झालंय परत. तिसऱ्यांदा. रक्त आहे.”

“आणि बस?” बायकोने विचारलं.

“उतरलो.”

“रडताय का हो?”

“हो,” तो म्हणाला. “बस गेली ना.”

“जाऊ दे. डॉक्टरीणबाईंना सांगितलं?”

“सांगतो आता.”

“आधी त्यांना लावा. मी निघालेच.”

त्याने नंबर लावला. पासाच्या खिडकीवर दहा-बारा माणसांची रांग होती, दोघंतिघं त्याच्याकडेच बघत होते. पलीकडून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “बोला, किती वेळा झालं? रक्त किती?” त्याने बाही तोंडावरून फिरवली आणि त्या सगळ्या माणसांदेखत, आवाज न दबवता, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.